सरळ कापणीचा बोरू

कोल्हापूर, ४ ऑगस्ट २०२५

ती. काकांना ऋताचा वाकून नमस्कार.

तुम्ही पुण्याला दादाकडे राहायला गेल्यापासूनचं हे पहिलं पत्र. फोन करता आला असता, पण बोललेली चूक दुरुस्त करता येत नाही असं तुम्हीच म्हणता. म्हणून लिहिते. नेहमीसारखं लाल शाईने तपासून परत पाठवा. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा पाहिले आहेत, तरी काही राहिलंच असेल.

कुरुंदवाडहून दस्तगीर मुजावर आले होते. दर्ग्याच्या दारावरची फळी आता खरंच गेली. दोन महापुरांत भिजून मधोमध फुगली होती, या उन्हाळ्यात उभी चिरली. पणजोबांनी लिहिलेल्या फारसी ओळीतली शेवटची दोन अक्षरं गळून पडली म्हणे. त्यांनी ते तुकडे रुमालात बांधून आणले होते. मी ते तुमच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलेत, हात धुऊन.

"काका हायत का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

मी सांगितलं की काका आता पुण्याला असतात.

"मग फळी कोण लिवायची?"

आई आतून म्हणाली, "ही लिहिते की."

"व्हय? मग झालंच की. घरातल्या घरात हाय."

आईने असं परस्पर सांगायला नको होतं. मी लगेच म्हटलं की काकांना विचारल्याशिवाय काही सांगता येणार नाही. ते म्हणाले, "इचारा, इचारा. पण दिवाळी झाली की उरूस हाय. सुताराला म्हैनाभर तरी पायजे कोरायला."

म्हणून विचारते. मी लिहू का?

तुमची अट मी विसरलेली नाही. अक्षराचं शेपूट सुधारलं की मगच ओळीखाली घराचं नाव लिहायचं. शेपूट सुधारलेलं नाही. मी रोज प्रेसमधून आल्यावर बसते. दिवसभर कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवून डोळे दुखतात, पण बसते. नस्तालीक वळणाची फारसी ओळ उजवीकडून वरून खाली उतरत यायला हवी, ती येते. अंतरं येतात. पण 'नून' आणि 'सीन' या अक्षरांचं गोल पोट भरून रेघ डावीकडे वर वळते, तिथे ती केसासारखी बारीक होत संपायला हवी, ती माझ्याकडून संपत नाही. जाडच राहते. तुम्ही इथे होतात तेव्हा रोज तिथे लाल टिंब देत होतात. आता मीच पेन्सिलीने देते. पेन्सिलीने, कारण लाल शाई गुरूची.

अजून एक. माझा शेवटचा बोरू बोथट झाला. तुम्ही शेणखताच्या खड्ड्यात मुरवत ठेवलेले बोरू मी काढले, पुसले, सावलीत वाळवले. आई म्हणाली, "एकदाचा वास गेला." पण ते न कापलेले. चाकूला हात लावायचा नाही असं तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी लावलेला नाही. तेव्हा दोन बोरू कापून पाठवाल का? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्रास होत असेल तर सावकाश. घाई नाही.

घाई आहे खरं तर. फळीची. पण तुम्ही घाई करू नका.

तुमची,
ऋता

•

कोल्हापूर, ३ सप्टेंबर २०२५

ती. काका, नमस्कार.

माझं पत्र परत आलं. 'परस्पर' बरोबर होतं, मला वाटलं चुकलं असेल. 'दुरुस्त'चे दोन्ही उकारही बरोबर निघाले. पण पत्रात सगळीकडे लाल पाहिलं, उलटून पाहिलं, पाकीट उजेडात धरून पाहिलं. फळीबद्दल काही नव्हतं. बोरूबद्दल काही नव्हतं. मला वाटलं दादाबरोबर निरोप असेल.

दादा गणपतीला येऊन गेला. तुमच्याकडून त्याने काही आणलं नव्हतं. मी विचारलं, काकांनी बोरू दिले नाहीत का. तो मोदक खात होता. म्हणाला, "त्यात काय, आण इकडे, मी कापून देतो."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. त्याने तुमच्या कपाटातून चाकू काढला, शिंगाची पट्टी काढली, बोरू तिच्यावर आडवा धरला आणि अंगठ्याने दाबून एका आवाजात टोक उडवलं. टक. तुमच्यासारखंच. गणपतीपुढे बसून. तोंडात मोदक होता.

"तुला येतं?"

"मला दहाव्या वर्षीच शिकवलंय बाबांनी. हे बघ, बोट कापलं होतं." त्याने खूण दाखवली. "तुला नाही शिकवलं?"

"नाही."

"कशाला शिकवतील म्हणा. तुझे तर मीच कापतो. बाबांना दिसेनासं झाल्यापासून."

काका, मी कुणाला दोष देत नाही. दादाने नस्तालीकचं एक अक्षर लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. अलिफ काढायला सांगितलं तर तो खांब काढतो, तुम्हीच हसायचात. त्याला चाकू शिकवला आणि मला नाही, याला काहीतरी कारण असेल. मी मुलगी, बोट कापेल, असं वाटलं असेल. मी लहानपणी फार रडायचे, तेही कारण असेल. अकरा वर्षं तुम्ही मला बोरू कापून देत होतात आणि मला वाटायचं, हे लाड आहेत. मैत्रिणींना मी सांगायचे की आमचे काका मला चाकूला हात लावू देत नाहीत, स्वतः कापून देतात. हे आठवून आज कान गरम झाले.

पण मी हे लिहितेय ते त्यासाठी नाही. दादा गेल्यावर मी त्या नव्या बोरूने एक नून काढला. नुसता बोरू बसवायला, मन लावून नाही. पोट भरलं, रेघ वर वळली आणि बारीक झाली. मी दुसरा काढला. त्याची रेघ मधेच तुटली. तिसऱ्याचीही तुटली, पण तुटण्याआधी बारीक होती.

अपघात असेल. बोरू नवा होता, शाई पातळ झाली असेल. काजळी आणि डिंकाचं प्रमाण मी पुन्हा मोजते. पण तुम्ही मला एवढंच सांगा, बोरूच्या कापणीने शेपटात फरक पडतो का? हो किंवा नाही, एवढंच लिहिलंत तरी चालेल. लाल शाईने लिहिलंत तरी चालेल.

ऋता

•

कोल्हापूर, १९ सप्टेंबर २०२५

काका,

या वेळी पत्र परतही आलं नाही.

दादाला फोन केला. त्याला खोटं बोलता येत नाही, एवढं तरी आपल्या घरात बरं आहे. मी विचारलं, गणपतीत तू कापून दिलास तो बोरू आणि एरवी पाठवायचास ते बोरू, एकच का?

"नाही. तो मी घाईत नेहमीसारखा कापला. तुझा वेगळा असतो ना."

"वेगळा म्हणजे?"

"तुझी कापणी सरळ ठेवायची. घरची तिरकी, ऋताची सरळ. बाबांनी सांगितलंय. का गं, तुला तसाच लागतो ना? मला वाटलं तुझा हात तसा आहे."

मी फोन खाली ठेवला. मग पुन्हा करून त्याला म्हटलं, तुझ्यावर रागावलेली नाही. ते खरं आहे. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो इतका भाबडा आहे की आपण काय सांगतोय हे न कळताच सगळं बोलला.

मग मी दोन्ही बोरू शिंगाच्या पट्टीवर शेजारी शेजारी ठेवले. मी कधीच ठेवले नव्हते. तुमचा बोरू तुमच्या दौतीत, माझा माझ्या दौतीत, गुरूच्या लेखणीला शिष्याने हात लावायचा नाही. किती साधी गोष्ट होती. नुसती शेजारी ठेवायची होती.

तिरक्या टोकाने रेघ वर वळली की आपोआप बारीक होते. सरळ टोकाने होत नाही. कुणाच्याच हातून होणार नाही. तुमच्याही नाही.

काका, तुम्ही रोज संध्याकाळी त्या जाड शेपटाखाली लाल टिंब दिलंत. मी रोज पानं भरून नून लिहिले. बारावीची परीक्षा चालू असताना लिहिले. टायफॉइडमधून उठून लिहिले. तुम्ही मान हलवायचात आणि म्हणायचात, "मन थाऱ्यावर नाही तुझं." मी रात्री पडल्या पडल्या विचार करायचे की माझं मन कुठे असतं. मी देवापुढे बसून मन थाऱ्यावर आणायचा प्रयत्न करायचे. हैदराबादच्या त्या सुलेखनाच्या संस्थेने नमुने मागवले होते, शिकवायला घेणार होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हे शेपूट पाठवून घराची शोभा करशील." मी पाठवले नाहीत. पाकीट तयार होतं, तिकिटं लावलेली होती. मी ती वाफेवर सोडवून परत तिकिटांच्या डबीत ठेवली.

आणि ऐका, याहून वाईट आहे. सरळ बोरूने बारीक शेपूट काढायचं म्हणून मी नकळत एक युक्ती शिकले होते. रेघ वर वळताना बोरू बोटांत किंचित फिरवायचा, म्हणजे त्याची कड तेवढी कागदाला लागते. पूर्ण बारीक होत नाही, पण थोडी होते. ते आता माझ्या बोटांत बसलंय. घरच्या तिरक्या बोरूने लिहायला बसले की बोटं तसंच करतात आणि शेपूट मधेच तुटतं. मी बोटांना सांगते, फिरवू नका. ती ऐकत नाहीत. आता बरोबर बोरू हातात आहे आणि हात बरोबर राहिलेला नाही. तुम्ही नुसता बोरू चुकीचा दिला नाहीत.

दस्तगीरमामूंचा फोन आला. मी सांगितलं, माझ्याच्याने होणार नाही. ते म्हणाले, "आता कुठं जाऊ म्या? कॉम्प्युटरवरनं काढून आनू?"



मला उत्तर पाहिजे. दुरुस्ती नको.

ऋता

•

कोल्हापूर, ७ ऑक्टोबर २०२५

काका,

तुम्ही मला लिहिलं नाही, आईला फोन केलात. आई स्वयंपाकघरात होती, तिने स्पीकर लावला, कारण हात पिठाचे होते. मी बाहेर बसून सगळं ऐकलं. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. चोरून ऐकलं असं नको व्हायला.

तुम्ही म्हणालात, "वहिनी, आण्णांना शब्द दिला होता मी. कापणी घराबाहेर जाणार नाही. चार पिढ्यांची ओळ आहे, कुणीही लांबून बघून सांगावं, पारसनिसांची. ऋता उद्या दुसऱ्या घरची. मग ही ओळ कुठल्या घरची म्हणायची? तिला न शिकवणं मला जमलं नाही, हात फार चांगला होता तिचा. म्हणून सगळं शिकवलं आणि कापणी तेवढी वेगळी ठेवली. तिचं अक्षर वेगळं ओळखू यावं, इतकंच. त्यात तिचं काय बिघडलं?"

आई पीठ मळायची थांबली होती. ती म्हणाली, "मग टिंबं का देत होतात, भावजी?"

तुम्ही म्हणालात, "शेपूट जाड होतं म्हणून."

मी खूप वेळ या वाक्याजवळ बसले आहे. तुम्ही खोटं बोलला नाहीत. शेपूट जाड होतंच. तुम्हाला चूक दिसली आणि तुमचा हात थांबला नाही. चूक कुणी केली हे तुम्ही बघायचं सोडून दिलंत, कारण ते तुम्हाला माहीत होतं.

आई शांतपणे म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, शिकवू नका. पोरीने विणकाम केलं असतं, पोहायला गेली असती."

"तुम्हाला कळायचं नाही वहिनी," असं तुम्ही म्हणालात.

"मला फारसीतलं ओ की ठो कळत नाही. पण पोर रोज रडून झोपायची ते कळत होतं," आई म्हणाली आणि मनगटाने फोन बंद केला. स्क्रीनला पीठ लागलं. ते मी नंतर पुसलं.

तुमच्या शब्दाचा मी मनात पुष्कळ विचार केला. आण्णाआजोबांना दिलेला शब्द मोडायचा नाही, हे मला समजतं. मीच अशी आहे, तुम्हीच केलीत. तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलं असतंत की ऋता, आपल्या घरात कापणी मुलीला देत नाहीत, तुझं शेपूट जाड राहील, ती तुझी चूक नव्हे, तर मी चालवून घेतलं असतं. खरंच घेतलं असतं. मी जाड शेपटाने आयुष्यभर लिहिलं असतं. मी चिडले असते, पण माझं मन माझ्याजवळ राहिलं असतं.

आईने दस्तगीरमामूंना परत फोन केला, फळी ऋताच लिहील म्हणून. मला न विचारता. या वेळी मी काही म्हटलं नाही.

ऋता

•

कोल्हापूर, ९ नोव्हेंबर २०२५

नृसिंह पारसनीस यांस,

फळी लागली. तुम्हाला कळवणं माझं काम आहे, म्हणून कळवते.

मी कापणी स्वतः शिकले. मुरवलेले बोरू बहुतेक वाया गेले, त्याबद्दल क्षमा मागत नाही. संगमाजवळ नदीकाठी बोरू उगवतो, पुन्हा आणता येईल. बोट कापलं, दादासारखंच, त्याच ठिकाणी. त्याला फोटो पाठवला, तो म्हणाला, "आता झालीस घरातली." चांगल्या मनाने म्हणाला. 

आधी घरच्या तिरक्या कापणीने बसले, पणजोबांच्या ओळीचा फोटो समोर ठेवून. बोटं फिरायची थांबेनात. मग मी बोटांशी भांडायचं सोडलं आणि बोरू थोडा थोडा बदलत गेले. घरच्यापेक्षा कमी तिरका, तुम्ही मला देत होतात त्यापेक्षा जास्त. एका कापणीला असं झालं की बोटांनी त्यांच्या सवयीने बोरू फिरवला आणि शेपूट बारीक होत गेलं आणि तुटलं नाही. ते तुमच्या शेपटासारखं नाही. तुमचं सरळ वर जातं. माझं शेवटी जरा आत वळतं, कारण बोरू फिरलेला असतो. मी पुन्हा काढलं. पुन्हा तसंच आलं. मग आईला हाक मारली आणि दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. काय आहे?" मी म्हटलं, नून आहे.

कागदावर ओळ लिहिली, सुईने टोचून, कोळशाची भुकटी मारून सागवानावर उतरवली. सुतार माझ्यासमोर कोरायला बसला. शेपटाशी आला की म्हणायचा, "ताई, हितं आत घेऊ का? का हात हलला तुमचा?" मी म्हणायचे, आत घ्या. हात हलला नाही.

उरुसाच्या आधी फळी दारावर चढवली. मी एसटीने गेले होते. दस्तगीरमामूंनी जुन्या फळीचा अर्धा तुकडा भिंतीला टेकवून ठेवला होता. ते एकदा तिकडे बघायचे, एकदा वर.

"ही येगळी हाय," ते म्हणाले.

"व्हय, वेगळी आहे."

"वाईट न्हाय म्हनत म्या. येगळी हाय. लांबनं कळतंय की."

तुम्हाला हेच हवं होतं ना, की लांबून कळावं. कळतं. कुणीही सांगेल, ही पारसनिसांची ओळ नाही.

खाली नाव लिहायचा कोपरा मी मोकळा ठेवला होता. सुताराने विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, राहू दे. मामूंना ते पटलं नव्हतं. "मोकळं बरं दिसत न्हाय. लिवनाऱ्याचं नाव पायजे. उद्या कुनी इचारलं तर सांगू काय, देवानं लिवलं?" म्हणून फळी चढवण्याआधी मी तिथे नाव लिहिलं होतं. घराचं नाव नाही. घराच्या नावात शेवटी सीन येतो, त्याचं पोट, त्याचं शेपूट. त्याच अक्षराखाली तुम्ही सगळ्यात जास्त टिंबं दिली होतीत. मी नुसतं ऋता लिहिलं. रे, ते, अलिफ. त्यात शेपटाचं अक्षर नाही. ते कुठल्याही कापणीने लिहिलं तरी माझंच राहतं.

हैदराबादला नमुने पाठवले आहेत. जुनीच तिकिटं डबीत होती, नवी वर लावावी लागली. आईला सांगितलं आहे. तुम्हाला विचारलेलं नाही.

सोबत या पाकिटात एक बोरू आहे. तुम्ही मला अगदी पहिल्या दिवशी कापून दिला होता तो. पहिला म्हणून मी तो लिहून झाल्यावर धुऊन, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता. दादाने सांगितल्यानंतर कितीतरी दिवस मी तो फडकं सोडून पाहिला नाही. मला वाटत होतं की निदान तो एक तरी तिरका असेल. मी पहिल्या दिवशी तुमच्या मांडीजवळ बसले होते, तुम्ही माझा हात धरून अलिफ काढलात, तेव्हा अजून तुम्ही ठरवलं नसेल. पुढे कधीतरी आण्णाआजोबांचा शब्द आठवला असेल आणि मग बदललं असेल. एवढं जरी असतं तरी मला पुरलं असतं.

काल तो शिंगाच्या पट्टीवर ठेवून पाहिला. सरळ आहे.

त्याच्या टोकाशी मी लाल शाईने एक टिंब दिलं आहे. ते तिथे द्यायचं होतं.

ऋता